पार्थिव पोहोचायला झालेल्या विलंबाच्या तक्रारीला संचालकांचे उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपल्या वडीलबंधूंचे पार्थिव दुबईहून कोकणातील गावी यायला सहा दिवस लागले, त्या काळात परदेशातून पार्थिव आणण्याची व्यवस्था करणाऱ्या आमच्या कार्यालयाने एकदाही नक्की तारीख सांगितली नाही, दुसरा एजंट हेच काम दोन दिवसांत करून देत होता, आणि खर्च त्यांच्या नोकरीच्या कंपनीने करायचा असताना आम्ही आपल्याकडून पैसे घेतले, असे आपण लिहिले आहे. घरातला कर्ता माणूस परदेशात वारल्यावर एकेक दिवस कसा जातो हे आम्ही रोज पाहतो, म्हणून प्रत्येक मुद्द्याचे उत्तर देणे आमचे कर्तव्य समजतो. कुटुंबाचे खासगी तपशील मात्र येथे लिहीत नाही.

आपल्या बंधूंचे निधन रुग्णालयात न होता राहत्या खोलीत, झोपेत झाले. रुग्णालयात, उपचार चालू असताना मृत्यू झाला तर कारण डॉक्टरच लिहून देतात. खोलीत झालेल्या मृत्यूची नोंद पोलिसांकडे जाते, न्यायवैद्यक तपासणी होते, आणि घातपाताचा संशय नाही अशी खात्री झाल्यावरच पोलीस मृतदेह ताब्यात देण्याचा कागद देतात. त्यानंतर आरोग्य खात्याचा मृत्यू दाखला, मग भारतीय वाणिज्य दूतावासात मृत्यूची नोंद, पासपोर्ट रद्द करणे आणि ना हरकत प्रमाणपत्र, व्हिसा रद्द करणे, दुबईतील सोनापूरच्या केंद्रात एम्बामिंग (देह टिकवण्याची प्रक्रिया), आणि शेवटी विमानाच्या कार्गोमध्ये जागा, अशी ही साखळी आहे. दूतावास मृत्यूच्या प्रकरणांत सुट्टीच्या दिवशीही काम करतो, परंतु त्याच्या आधीचे कागद हाती नसतील तर तोही काही करू शकत नाही. 2022 पासून तेथील सरकारी कार्यालये शुक्रवारी दुपारपर्यंतच चालतात आणि शनिवार-रविवारी बंद असतात. आपल्या प्रकरणात नेमके हेच दिवस मध्ये आले.

दोन दिवसांचा शब्द देणाऱ्याने पोलिसांचा कागद यायच्या आधी तो कशाच्या आधारावर दिला, हे मला समजत नाही. आम्ही तारीख सांगत नाही, याचा आपल्याला राग आला आणि तो मी समजू शकतो. पण तारीख कळली की मुंबईचे चाकरमानी रजा टाकून रात्रीच्या गाडीने निघतात, माहेरवाशिणी येतात, स्मशानात लाकडे रचली जातात, आणि पार्थिव येईपर्यंत घरातच नव्हे तर अख्ख्या वाडीत चूल पेटत नाही. ती तारीख टळली तर माणसे पुन्हा दारात ताटकळतात आणि म्हातारी आई दुसऱ्यांदा त्याच दुःखातून जाते. त्यामुळे कार्गोची जागा पक्की होऊन एअरवे बिलाचा (विमानाच्या मालपावतीचा) क्रमांक हाती येईपर्यंत आम्ही कोणालाही दिवस सांगत नाही, आणि यापुढेही सांगणार नाही.

खर्चाबाबत आपले म्हणणे तत्त्वतः बरोबर आहे. तेथील कामगार कायद्यानुसार नोकरीत असलेल्या कामगाराचे पार्थिव मायदेशी पाठवण्याचा खर्च मालकाने करायचा असतो, आणि तो आम्ही कंपनीकडूनच करून घेतला. एम्बामिंग, पेटी आणि विमानभाडे यांचा एक रुपयाही आपल्या देयकात नाही. आपण दिलेली रक्कम मुंबई विमानतळाच्या सहार येथील कार्गो संकुलातून गावापर्यंतच्या रुग्णवाहिकेची आणि आमच्या सेवाशुल्काची आहे, आणि तिचा लेखी अंदाज काम सुरू होण्यापूर्वी आपल्या व्हॉट्सॲपवर पाठवला होता. हेही जाहीरपणे सांगतो की दूतावास आणि दुबईतील भारतीय समाजसंस्थांचे स्वयंसेवक या कामात विनाशुल्क मदत करतात, आणि मालक हात वर करतो अशा गरजू प्रकरणांत दूतावासाकडे भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. पहिल्याच फोनवर आम्ही प्रत्येक कुटुंबाला ही माहिती देतो. ती ऐकूनही ज्यांना सोबत हवी असते त्यांचेच काम घेतो.

पेटी अंगणात उघडू नका, असे आमच्या चालकाने सांगितले, ते आपल्याला कठोर वाटले. तपासणी झालेला आणि इतके दिवस उलटलेला देह घरच्यांनी पूर्ण पाहू नये, आणि पेटीच्या आतला धातूचा पत्रा चितेवर जात नसल्याने ती स्मशानातच मोकळी करणे सोयीचे पडते, एवढाच त्याचा हेतू होता. आपल्या मातोश्रींनी आग्रह धरल्यावर त्यानेच झाकणाचे स्क्रू काढून चेहऱ्यापुरता भाग मोकळा केला, आणि त्यांनी मुखात गंगाजल व तुळशीपत्र ठेवून होईपर्यंत तो झाकण हातात धरून उभा राहिला. त्याच्या वागण्याबद्दल आपण जे विशेषण वापरले आहे, त्याचा कृपया फेरविचार करावा.

एक काम अजून बाकी आहे. दूतावासाच्या मृत्यू नोंदणीची मूळ प्रत आपल्या वहिनींकडे दिली आहे, ती जपून ठेवावी. 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार ही नोंद भारतात झालेलीच मानली जाते, तेव्हा बँक, विमा आणि वारसाच्या कामांसाठी तीच दाखवावी. कंपनीकडील थकीत पगार आणि ग्रॅच्युइटी यांचा पाठपुरावा दूतावासामार्फत सुरू आहे. त्यासाठी वारसांचे मुखत्यारपत्र लागेल, त्याचा मसुदा आम्ही तयार ठेवला आहे आणि त्याचे कोणतेही शुल्क नाही.

आपला,
संचालक