गोळ्या परवडत नाहीत म्हणून डोस कमी करताय?

औषधं महागली की पेशंट भांडत बसत नाही, गुपचूप डोस कमी करतो. दोन वेळची गोळी एकदाच, रोजची दिवसाआड. डॉक्टरांना सांगायचा संकोच वाटतो. पुढच्या तपासणीत बीपी वाढलेलं दिसतं, डॉक्टरांना वाटतं गोळी पुरत नाही, आणि चिठ्ठीवर आणखी एक औषध चढतं.

इन्शुलिन शोधणाऱ्यांनी 1923 मध्ये त्याचं पेटंट टोरांटो विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकलं. तरी आजही लोक इन्शुलिन पुरवून पुरवून घेतात, याची मला चीड येते. टाइप 1 मधुमेहात ते बंद पडलं तर एक-दोन दिवसांत कीटोॲसिडोसिस (रक्तात आम्ल साचणं) होऊन जिवावर बेततं.

इतर औषधांतही धोका आहेच. मेटोप्रोलॉल किंवा क्लोनिडीन ही बीपीची गोळी एकदम थांबवली तर बीपी उसळतं. स्टेंटनंतर क्लोपिडोग्रेल ही गुठळी टाळणारी गोळी मध्येच सोडली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. प्रेडनिसोलोन ही स्टिरॉइडची गोळी तीन आठवड्यांहून जास्त चालू असेल तर ती टप्प्याटप्प्यानेच उतरवावी लागते, कारण तोवर शरीराने स्वतःचं स्टिरॉइड बनवणं कमी केलेलं असतं. फिटच्या गोळ्यांचा डोस तर स्वतःहून कमी करूच नका.

म्हणून काटछाट घरी नको, डॉक्टरांसमोर करा. सगळी पाकिटं पिशवीत घालून न्या आणि स्पष्ट सांगा, "एवढं झेपत नाही." यातली कायमची कोणती, ठरावीक दिवसांचीच कोणती, हे विचारा. ॲसिडिटीची गोळी कित्येकदा कुणी बंद करायला सांगितलं नाही म्हणूनच वर्षानुवर्षं चालू असते. एसोमेप्राझोल लिहून दिली असेल तर ओमेप्राझोल चालेल का, तेही विचारा. ओमेप्राझोलमध्ये एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमेसारखे दोन रेणू असतात, त्यातलाच एक म्हणजे एसोमेप्राझोल. बहुतेकांचं काम जुन्या गोळीनेही भागतं.

जेनेरिक (तेच औषध, ब्रँडच्या नावाशिवाय) घेताना सॉल्ट म्हणजे मूळ औषधाचं नाव, मिलिग्रॅम आणि प्रकार, तिन्ही जुळवा. साधी गोळी आणि एसआर किंवा एक्सआर (औषध हळूहळू सोडणारी) गोळी एकच नव्हे. थायरॉक्सिन (थायरॉइडची), वॉरफरिन (रक्त पातळ करणारी), फेनिटॉइन (फिटची) यांची कंपनी मात्र डॉक्टरांना विचारूनच बदला. थायरॉक्सिनची बदलली तर 6 ते 8 आठवड्यांनी टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्या.

जास्त मिलिग्रॅमची गोळी अर्धी करून पैसे वाचतात, पण मधे रेघ असलेली साधी गोळीच तोडा, तीही विचारून. एसआर गोळी तोडली की दिवसभर हळूहळू सुटणारं औषध एकदम अंगात जातं.