ग्रस्तास्त राहिलं की!

ग्रहणांच्या प्रकारांवरचा तुमचा लेख आवडला, पण 'प्राचीन लोक ग्रहणाला फक्त घाबरत' हे वाक्य खटकलं. बॅबिलोनच्या लोकांनी नोंदी ठेवून ग्रहणं पुन्हा येण्याचं साधारण १८ वर्षं ११ दिवसांचं चक्र शोधलं होतं. आपल्याकडे आर्यभटाने इ. स. ४९९ मध्येच स्वच्छ लिहून ठेवलं की सूर्याला झाकतो तो चंद्र. ही काय घाबरलेल्या माणसांची कामं आहेत?

त्या चक्राचा पडताळा आजही घेता येतो. २४ ऑक्टोबर १९९५ चं, ऐन दिवाळीतलं खग्रास आठवतं ना? त्यात १८ वर्षं १० दिवस मिळवा (मध्ये पाच लीप वर्षं आली, म्हणून एक दिवस कमी): ३ नोव्हेंबर २०१३. त्या दिवशी खरंच ग्रहण झालं, पण आफ्रिकेत! कारण चक्रात पूर्ण दिवसांवर आणखी दिवसाचा एक तृतीयांश भाग उरतो, तेवढ्यात पृथ्वी आणखी फिरलेली असते. शिवाय ते संकरित होतं, म्हणजे वाटेत काही ठिकाणी कंकणाकृती, काही ठिकाणी खग्रास. खग्रास, कंकणाकृती, खंडग्रास यांच्या जोडीला हा चौथा प्रकार लेखात हवाच होता.

आणि पंचांगातले ग्रस्तोदित-ग्रस्तास्त, म्हणजे ग्रहण लागलेलं असतानाच उगवणं आणि मावळणं, कसे विसरलात? २५ ऑक्टोबर २०२२ ला, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, आम्ही नागपूरकरांनी ग्रस्तास्त पाहिलं. ग्रहणाचे चष्मे लावून फुटाळा तलावावर उभे होतो. कोर कुरतडलेला सूर्य सुटण्याआधीच मावळला. माझी आई ग्रहणात घराबाहेर पडत नसे, त्या दिवशी तीही आली होती. चष्मा काही केल्या परत देईना.