गुंजीला गाडी का थांबली, हे सांगायला तोंड नाही?

रविवार गेला. अख्खा. सकाळी आठला बसलो ते संध्याकाळी पाच वाजले, तरी माझ्या स्क्रीनवरच्या, रेल्वे चालवायच्या कॉम्प्युटर खेळातल्या, दोन गाड्या गुंजीत तशाच उभ्या. पॅसेंजर लोंढ्याकडून येऊन मेन लाईनवर, मालगाडी खानापूरकडून येऊन होम सिग्नलच्या बाहेर (होम म्हणजे स्टेशनात शिरायचा सिग्नल, तो पडला की रस्ता मोकळा). दोन्ही कॉम्प्युटर चालवतोय. दोन्हींवर क्लिक केलं की एकच उत्तर, ‘वाट बघत आहे’. अरे, कुणाची? पाहुणे यायचेत काय?

गेले चार महिने मी बेळगाव ते लोंढा लाईन बनवतोय. देसूर, इदलहोंड, खानापूर, गुंजी, लोंढा. जुन्या दिवसांतली, एकेरी. एकेरी लाईनवर क्रॉसिंग हाच खरा खेळ. एक गाडी लूपमध्ये, म्हणजे स्टेशनातल्या बाजूच्या लाईनवर घ्यायची, दुसरी मेनवरनं सोडायची. टिळकवाडीच्या रेल्वे गेटवर स्कूटर बंद करून थांबलेल्या कुठल्याही माणसाला हे कळतं. या कॉम्प्युटरच्या ड्रायव्हरला तेवढंच कळत नाही.

काय काय केलं नाही मी! होम आणि स्टार्टर (स्टेशनातनं सुटायचा सिग्नल) पुसून पुन्हा बसवले, तोंडं बरोबर दिशेला आहेत ना बघितलं. लूपची लांबी मोजली, कारण गाडी लांब आणि लूप आखूड असली की शेपटी पॉईंटवर, म्हणजे रूळ फुटतात तिथं राहते आणि सगळं अडतं. तेही नव्हतं. रुळाचा जोड कुठं सुटलाय काय म्हणून झूम करून करून डोळे लाल झाले. जोड सुटला तर नुसत्या डोळ्याला दिसत नाही, पण ड्रायव्हरच्या लेखी पुढं रस्ताच नसतो. एकदा वैतागून पॅसेंजरला जबरदस्तीनं सोडली, तर ती शहाणी गाडी उलटी लोंढ्याकडं निघाली! म्हणे तिकडनं रस्ता मोकळा आहे. खानापूरला जायचं तर लोंढ्याकडनं?

आई दोनदा दारात येऊन गेली. ‘काय करूलालास रे सकाळपासनं? खऱ्या गाड्या तरी एवढा वेळ थांबत नाहीत.’

शेवटी मामाला फोन लावला. मामा रेल्वेत पॉईंट्समन होता, आता रिटायर. त्याला कॉम्प्युटरचं ओ की ठो कळत नाही. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘होम पडत नाही म्हणतोस, मग साइडिंगात बघ की आधी. डबा फाऊलिंग मार्कच्या भायेर ठेवलायस काय?’

मी म्हटलं, मामा, हा खेळ आहे, तिथं कोण डबा ठेवणार.

फोन ठेवला आणि बघितलं. दोन लाईन जिथं जवळ येतात तिथं फाऊलिंग मार्क असतो, त्याच्या पलीकडं उभा डबा शेजारच्या लाईनवरच्या गाडीला घासणार. गुंजीत मीच हौसेनं लूपला एक साइडिंग, म्हणजे डबे उभे करायची आडबाजूची लाईन जोडली होती, शुक्रवारी रात्री त्यात शंटिंग, म्हणजे डब्यांची ढकलाढकल केली होती, आणि एक रिकामा डबा मार्कच्या चार हात बाहेर. म्हणजे लूप अडली. लूप अडली म्हणून मालगाडीचा होम लाल. मालगाडी पुढच्या एकेरी सेक्शनमध्ये म्हणून पॅसेंजरचा स्टार्टर लाल. झालं!

हो, चूक माझी. कबूल. पण नऊ तास! त्या खेळाला पक्कं ठाऊक होतं की तो डबा आडवा आलाय, त्याच्याच हिशेबानं तर सिग्नल लाल होता. मग एक ओळ लिहायला काय जात होतं, ‘लूपवर डबा आहे’? खऱ्या स्टेशनात असं झालं असतं तर केबिनमधनं, प्लॅटफॉर्मवरनं, चहावाल्यापासनं सगळे ओरडले असते. हा मात्र ‘वाट बघत आहे’. धुक्याचे तीस प्रकार देतात, इंजिनाच्या काचेवरनं पावसाचे थेंब ओघळतात, आणि ड्रायव्हरला दोन शब्द बोलता येत नाहीत.

पुढं लोंढ्यापासनं कॅसलरॉक, तिथनं कुळ्यापर्यंत घाट करायचा बेत होता. 37 ला 1 चा चढ, मागनं ढकलायला बँकर इंजिनं. म्हणजे एका गाडीला पुढं-मागं मिळून असले दोन-तीन मुके ड्रायव्हर. नको रे बाबा.

डबा आत ढकलला. होम पडला, मालगाडी लूपमध्ये शिरली, पॅसेंजर सुटली. मामाचा तीनदा फोन येऊन गेला, काय सापडलं विचारायला. अजून उचललेला नाही.