रविवारी गडावर निघालात? मग एवढं कराच

पावसाळा सरत आला की आमच्या संभाजीनगरात गल्लीगणिक एक ट्रेक लीडर उगवतो. वर्गणी आठशे रुपये. त्यात बस, नाश्ता, जेवण आणि पाठीवर लीडरचं नाव छापलेला टी-शर्ट. गेल्या रविवारी अशाच एका लीडरच्या मागं वेताळवाडीचा किल्ला बघून आलो. मागं म्हणजे आपली बोलायची पद्धत, लीडर दिवसभर दिसलाच नाही. तर तुम्हीही माणसं गोळा करून डोंगरात निघणार असाल, तर पुढची तयारी करूनच निघा.

जमायची वेळ पहाटे साडेपाचची द्या, म्हणजे सातपर्यंत निम्मे येतील. उरलेले फोनवर 'निघालोच' म्हणतील. फुलंब्रीला चहा, सिल्लोडला भजी, उंडणगावच्या पुढं कुणाला तरी उलटी. हळद्याच्या घाटात उतरेपर्यंत अकरा वाजलेच पाहिजेत. गारव्यात गड चढायला आपण काय गुराखी आहोत? भादव्याचं ऊन टाळूवर घेतल्याशिवाय आठशे रुपये वसूल कसे होणार?

पाणी अर्धा लिटर पुरे. तीन लिटर न्या म्हणणारे स्वतः वाहतात का तुमचं ओझं? गडावर टाकी आहेत. त्यात हिरवं काय तरंगतंय, ते बघत बसू नका.

चप्पल चालेल. शेवाळलेल्या पायऱ्यांवर ती पायाच्या आधी खाली पोचते.

स्पीकर मात्र मोठाच घ्या, आणि अंगावर अत्तराची अर्धी बाटली रिकामी करा. अजिंठ्याच्या रांगेत कड्याकपारीला आग्यामोहळं लटकलेली असतात, त्यांनाही कळू द्या कोण आलंय. जमलं तर खालच्या अंगाला चूल पेटवून धूरही द्या.

साप चावला तर पाय दोरीनं करकचून बांधा, ब्लेड मारा, मग एखाद्या जाणत्याकडं न्या. विषावरचं इंजेक्शन सरकारी दवाखान्यात मिळतं, म्हणून तिकडं सगळ्यात शेवटी जा.

दुपारी आभाळ भरून आलं, गडगडायला लागलं, की लगेच बुरुज गाठा. फोटो झकास येतात. आपल्या मराठवाड्यात वीज पडून दरसाल माणसं जातात, गुरं जातात, पण ती शेतातली. टी-शर्ट घातलेल्यांवर वीज पडत नसावी, असं आमच्या लीडरचं मत दिसलं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं 'दामिनी' नावाचं ॲप काढलंय, आसपास वीज पडायची शक्यता असली तर ते सांगतं. घेऊ नका. मोबाइलमध्ये रीलला जागा उरणार नाही.

आणि आता महत्त्वाचं. माणसं मोजू नका. अजिबात मोजू नका. मोजलं की कुणी कमी भरायची भीती असते. लीडरनं सगळ्यांच्या पुढं पळत सुटायचं आणि शेवटी कुणाला ठेवायचं नाही. वेताळवाडीला दोन अंगांना दोन दरवाजे आहेत, एक घाटाकडचा, दुसरा गावाकडचा. कुठल्या दरवाजानं उतरायचं, हे कुणालाही सांगायचं नाही. काही जण इकडून उतरले, काही जण तिकडून. बस घाटात. मोबाइलला रेंज नाही, म्हणजे ११२ लावा नाहीतर १०८, सारखंच. बस सुटायला आली तेव्हा बेचाळिसांतला एक माणूस गाडीत नाही हे कुणाच्या ध्यानात आलं? ड्रायव्हरच्या. तोच म्हणाला, "ओ, ते काठीवाले गुरुजी कुठं हायेत?"

गुरुजी रिटायर झालेले, गुडघ्याचं दुखणं असलेले. त्यांची डब्याची पिशवी सीटवर तशीच होती. लीडर काय म्हणाला माहीत आहे? "येतील की. मोठे आहेत, लहान आहेत का?" आणि पुन्हा मोबाइलमध्ये डोकं. पायवाटेवर गवत कमरेएवढं, दिवस मावळतीला, अन् हा बसून व्हिडिओला गाणं लावतोय! दोघं-तिघं आम्हीच परत वर निघालो. शेवटी एक गुराखी गुरुजींना हाताला धरून घेऊन आला. चुकून झाडीत शिरले होते, घसा कोरडा, हातापायाला ओरखडे. त्या पोरानं आम्हा सगळ्यांना तोंडावर विचारलं, "म्हाताऱ्या माणसाला असं सोडून जातेत का?" त्याचं खरं होतं. लीडर तेव्हा बसच्या मागं गेला होता.

आठशे गुणिले बेचाळीस हे यांना तोंडपाठ येतं. बेचाळीस माणसं मोजता येत नाहीत? लागतं काय त्याला? निघताना कागदावर नावं आणि घरच्यांचे नंबर. एक जाणता पुढं, एक सगळ्यांच्या शेवटी, आणि त्या शेवटच्याच्या मागं कुणी राहायचं नाही. दरवाज्यात डोकी मोजायची, माथ्यावर मोजायची, उतरल्यावर मोजायची. किती वाजता परत फिरायचं ते खालीच ठरवायचं आणि कितीही आर्जवं झाली तरी फिरायचं. गावातला एखादा वाटाड्या सोबत घ्यायचा, त्याला त्याच्या दिवसाचे पैसे द्यायचे. यातलं एकही काम टी-शर्ट छापण्यापेक्षा महाग नाही. आणि तुम्ही, पैसे भरून मेंढरासारखं मागं जाणारे, तुम्हीही विचारत नाही. शेवटी कोण आहे, एवढं विचारायला काय जीभ झडते का?

येत्या रविवारी अंतूरचा किल्ला म्हणे. ग्रुपवर पोस्टर पडलंय. त्यावर गुरुजींचा गडावरचा फोटो, खाली मोठ्या अक्षरात 'साठी ओलांडली तरी आमच्यासोबत!' अरे, लाज आहे का काही? आधी तो फोटो उतरव. गुरुजींचे आठशे रुपये त्यांच्या घरी नेऊन दे, पाया पड, आणि मोजता येत नसेल तर तुझी बस घेऊन घरीच बस.