केबल बिलात दूरदर्शनचा कर नाही

‘दर महिन्याच्या केबलच्या बिलातून दूरदर्शनसाठी गुपचूप कर कापतात,’ असा मेसेज सध्या फिरतोय. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो तीनदा आला. हे खरं नाही.

बिलावर 18 टक्के जीएसटी दिसतो, पण तो केंद्र-राज्याच्या तिजोरीत जातो, दूरदर्शनच्या नावाने वेगळा काढला जात नाही. दूरदर्शनचे चॅनेल फुकट आहेत. डीडी फ्री डिश या दूरदर्शनच्या डिश सेवेलाही महिन्याचं भाडं नाही.

गोंधळ बहुधा दोन गोष्टींमुळे होतो. एक, ब्रिटनमध्ये बीबीसीसाठी घरटी लायसन्स फी आहे. 2025-26 साली ती 174.50 पौंड होती. दुसरी, आपल्याकडेही ती होती. आजोबांच्या ट्रंकेत रेडिओचं लायसन्सचं पुस्तक अजून आहे: पिवळी पानं, वर्षागणिक चिकटवलेली तिकिटं, त्यांवर पोस्टाचा गोल शिक्का. ऐंशीच्या दशकाच्या मध्यात ही पद्धत बंद झाली.

मग पैसा येतो कुठून? दूरदर्शन आणि आकाशवाणी चालवणारी प्रसार भारती ही संस्था जाहिराती आणि फ्री डिशवरच्या चॅनेलच्या जागांच्या लिलावातून कमावते, पण पगाराचा मोठा भार केंद्राच्या अनुदानावर आहे. यंत्रसामग्रीसाठी 2023 मध्ये 2,539.61 कोटी रुपयांची ‘बिंड’ ही केंद्राची प्रसारण सुविधा योजना मंजूर झाली. म्हणजे पैसा आपलाच, सर्वसाधारण करांमधून जाणारा.

मला खटकतं ते वेगळंच: दरवर्षी केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे हात पसरणारी संस्था सरकारला अवघड प्रश्न विचारणार कशी? अनुदान पाच-सात वर्षांसाठी एकदम ठरवावं, ही मागणी जरूर फॉरवर्ड करा.