भांगलण करताना कळलेला दाखला
देव दुष्टांना लगेच शिक्षा का करत नाही, यावरच्या एका लेखात म्हटलंय की दुष्टांची भरभराट म्हणजे देवाची सहनशीलता, डोक्याला पटतं पण मनाला नाही. आमच्या खानापूरकडं आमचा बांध कोरणाऱ्यानं दोन मजली घर बांधलं आणि माझे वडील कोर्टाच्या तारखा करत करतच गेले. बायबलमधल्या स्तोत्र 73 मध्ये ते स्तोत्र रचणारा आसाफपण हेच म्हणतो, दुर्जनांची चैन बघून माझा पाय घसरणारच होता, म्हणजे ही तक्रार बायबलमध्येच आहे, कुणी दाबली नाही! मत्तय 13 मधला निदणाचा दाखला, म्हणजे गव्हात उगवलेल्या तणाची येशूनं सांगितलेली गोष्ट, मला भांगलणीत कळला, भातातलं गवत कोवळं असताना भातासारखंच दिसतं, उपटायला जावं तर भातपण मुळासकट हातात येतं, म्हणून दाखल्यातला मालक कापणीपर्यंत थांबा म्हणतो. थांबणं लई जड जातं हो, पण त्या बांध कोरणाऱ्याची पोरं माझ्या पोरांबरोबरच शाळेला जातात, त्याचं वाटोळं कर म्हणायला आता प्रार्थनेत जीभ वळत नाही.