मेणाचे पाच डाग

काल रात्री बीबीसीच्या ‘शेरलॉक’चा २०१० मधला पहिला भाग पुन्हा लावला. झोपायला एक वाजला.

त्यातल्या मोबाइलच्या प्रसंगावर माझा भारी जीव. १८९० च्या मूळ कादंबरीत होम्स वॉटसनचं खिशातलं घड्याळ हातात घेतो. किल्लीच्या भोकाभोवती ओरखडे, म्हणजे किल्ली देणाऱ्याचा हात थरथरायचा, म्हणजे घड्याळाचा आधीचा मालक दारुडा. झाकणाच्या आत सावकाराने कोरलेले आकडे, म्हणजे घड्याळ अनेकदा गहाण पडलेलं. आता २०१० मध्ये किल्लीचं घड्याळ कुठून आणणार? तर ओरखडे आले मोबाइलच्या चार्जिंगच्या भोकाभोवती. वस्तू बदलली, थरथरणारा हात तोच. जुनी गोष्ट आजच्या काळात आणायची तर अशी आणावी. (वॉटसन तेव्हाही अफगाणिस्तानातून जखमी होऊन आला होता, आताही. लेखकांची ही सोय मात्र इतिहासानेच करून ठेवली.)

नाहीतर आजकाल नवेपणा म्हणजे काय? ड्रोन, हॅकिंग आणि काळा ओव्हरकोट. अमेरिकन ‘एलिमेंटरी’ने २०१२ मध्ये होम्सला न्यूयॉर्कला नेलं, वॉटसनची बाई केली, तेव्हा आमच्या कट्ट्यावर केवढा गहजब! मला त्याचं काही वाटलं नाही. वॉटसन बाई असो की बुवा, शेजारी बसून नीट बघणारं माणूस हवं.

माझी तक्रार वेगळीच आहे. ‘शेरलॉक’ पुढे पुढे होम्सच्या हुशारीवर इतका भाळला, की २०१७ च्या शेवटच्या पर्वात गुन्ह्यामागे थेट त्याची हरवलेली बहीण निघाली. अरे, माणूस दुसऱ्यांची कोडी सोडवायला ठेवलाय ना? आपल्या दूरदर्शनवर १९९३ मध्ये ब्योमकेश बक्षी लागायचा. रजित कपूर धोतर नेसून शांतपणे समोरच्याचं ऐकून घ्यायचा. स्वतः कोडं होऊन बसायची त्याला कधी गरज पडली नाही.

मी होम्स वाचला तो भालबा केळकरांच्या मराठीतून, नारायण पेठेतल्या लायब्ररीची पुस्तकं आणून. त्यातली टोपीची गोष्ट आठवते? नाताळचं हंस-बदक आणि एक बेवारस टोपी. टोपीवर मेणबत्तीचे पाच डाग, म्हणजे घरात गॅसचा दिवा नाही. आठवडेच्या आठवडे धूळ झटकलेली नाही, म्हणजे बायकोचं प्रेम आटलंय.

पुण्यात ही गोष्ट करायची तर टोपीच्या जागी हेल्मेटच हवं. आणि योगायोग बघा, आमच्या पार्किंगमध्ये चार दिवस एक बेवारस हेल्मेट पडलं होतं. आज सकाळी दूध आणायला जाताना मी ते उचललंच. काचेवरचं दुकानातलं प्लास्टिक जसंच्या तसं. आतला स्पंज कडक, डोकं क्वचितच गेलेलं. पट्ट्याच्या एकाच बाजूला आरशाच्या दांडीचा घासा. म्हणजे अलका चौकात मामा दिसले तरच डोक्यावर, एरवी आरशाला लटकलेलं. वर बोटभर धूळ.

वर येऊन हे सगळं बायकोला सविस्तर सांगितलं. धुळीवरून काढलेला होम्सचा निष्कर्षही ऐकवला.

तिने हेल्मेट उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाली, “अहो, हे आपलंच आहे.”